चौकोनी ठिपक्यांचा पतंग

कोबी-फ्लॉवर लावणाऱ्याला हा वेगळा सांगायला नको, औषधाच्या दुकानात नुसतं 'डीबीएम', म्हणजे इंग्रजीतला डायमंडबॅक मॉथ, म्हटलं तरी कळतं. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला, जातीचं नाव लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं, जुन्या पुस्तकांत मात्र प्लुटेला मॅक्युलिपेनिस सापडतं, किडा तोच. लांबी जेमतेम ६ ते ८ मिमी, रंग राखाडी-तपकिरी, पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटी ओळीने जुळून येतात, त्यावरूनच नाव पडलं.

मूळ कुठलं यावर एकमत नाही. बरीच वर्षं भूमध्य समुद्राचा भाग धरला जायचा कारण कोबीवर्गाची लागवड तिकडची, पण १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचं नाव पुढे आलं, का तर तिथे मोहरी कुळातल्या, म्हणजे कोबीच्याच कुळातल्या, रानटी वनस्पती भरपूर आणि या अळीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही भरपूर, मग चीनसाठीही तसाच मुद्दा मांडला गेला. २०२० मध्ये जगभरातल्या ५०० च्या वर पतंगांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, तपासून दक्षिण अमेरिका असा निष्कर्ष निघाला. शत्रूंच्या मोजणीपेक्षा जीनोमचा पुरावा जास्त वजनदार वाटतो, फक्त मग कोबी तिकडे पोचण्याआधी हा तिथल्या रानटी मोहरीवर्गावर जगत असणार हे धरावं लागतं. भारतातली पहिली नोंद साधारण १९१४ ची मानतात.

मादी पानाच्या शिरेजवळ बारीक पिवळसर अंडी घालते, एक मादी दीडशेच्या आसपास. अळी निघाली की आधी पानाच्या आत शिरून खाते, नंतर बाहेर येऊन खालून खरवडते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानाला काच लावल्यासारखं दिसतं. हात लावला की वळवळत धाग्यावर लोंबकळते. अळीच्या चार अवस्था, मग विरळ जाळीदार कोष, उबदार हवेत सगळं दोन-तीन आठवड्यांत आटपतं.

मोहरीवर्गाचा तिखटपणा खरं तर किड्यांना पळवण्यासाठी असतो, पण या अळीच्या आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) ते तिखट तेल तयारच होऊ देत नाही, उलट त्याच वासाने मादी पीक शोधत येते. डीडीटीला दाद न देणारा हा पतंग इंडोनेशियातल्या जावा बेटावर १९५३ मध्येच नोंदला गेला, पुढे बीटीच्या (अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या) फवारणीलाही शेतात सर्वांत आधी हाच पुरून उरला. त्यामुळे औषध बदलून बदलून मारा आणि कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सापळा म्हणून लावा असं सांगतात, मोहरी मात्र एकदम न पेरता थोडी आधी आणि थोडी नंतर पेरायची, म्हणजे कोबी शेतात असेपर्यंत कोवळी मोहरी मिळत राहते.