सेंटर-लॉक नट आणि उलट्या आट्यांचा गुंता

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. तेव्हापासून वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांतील ट्रॅक्टर-ट्रकच्या टायर दुकानांपुढे अधूनमधून चाकाच्या मधोमध एकच मोठा नट, म्हणजे सेंटर-लॉक, असलेल्या स्पोर्ट्स कार येऊन थांबू लागल्या आहेत. हा नट बहुधा बळ कमी पडल्यामुळे अडत नाही, तो दिशा चुकल्यामुळे अडतो, आणि ती चूक का होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

चाक मध्यभागी एकाच ठिकाणी अडकवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बैलगाडीचे चाक तुंब्यातून आसावर चढवून टोकाला एक खीळ ठोकली की काम भागते. मोटारीत मात्र चाकाला ओढही द्यायची असते आणि ब्रेकही लावायचा असतो, म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमधील एका सायकल कारखान्याने आसावर उभ्या खाचा पाडल्या, त्यांवर तारांचे चाक सरकवले आणि बाहेरून एक नट बसवला. या नटाला पुढे दोन-तीन कान, म्हणजे पंखांसारखी बाहेर आलेली टोके, असत. ओढ आणि ब्रेक यांचा भार खाचा घेत आणि नट फक्त चाक जागेवर धरून ठेवी. तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याचे चार ठोके कानावर मारले की चाक मोकळे होई. १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत अशा सुट्या चाकांना मनाई करण्यात आली, पण पुढे शर्यतीच्या गाड्यांनी हीच पद्धत उचलली.

खरा गुंता आट्यांचा आहे. सुलट्या आट्यांचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की आवळतो, उलट्या आट्यांचा त्याच्या विरुद्ध. आपल्याकडील जुन्या मिस्त्रींचे शिक्षण जीपवर झालेले आहे. विलीज जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आणि उजव्या बाजूचे सुलट्या आट्यांचे असत, आणि सायकलचे डावे पायडलही उलट्या आट्याचेच असते. त्यामुळे ‘डाव्या अंगाचा उलटा, उजव्या अंगाचा सुलटा’ हा नियम हातात इतका मुरलेला आहे, की तो सर्व गाड्यांना लागू पडतो असे गृहीत धरले जाते. कान असलेल्या त्या इंग्रजी नटांत मात्र नेमके याच्या विरुद्ध असते. तेथे डावीकडचा नट सुलटा आणि उजवीकडचा उलटा असतो.

हा परस्परविरोध वाटतो, पण तो तसा नाही, आणि हे नीट समजावून सांगितले जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. गाडीचा भार नेहमी खाली असतो आणि चाक फिरत राहते, त्यामुळे नट आणि चाक यांचा दाबाचा बिंदू चाकाच्या हिशेबाने सतत मागे मागे सरकत जातो. जीपच्या नटाचे निमुळते टोक चाकाच्या भोकात शिरलेले असते, म्हणजे तो उखळातील मुसळासारखा असतो. मुसळ उखळाच्या आतल्या कडेला टेकून घरंगळत फिरवले, तर ते ज्या बाजूने कडेने जाते त्याच्या उलट बाजूने स्वतःभोवती वळते. कानाच्या नटात उलट मांडणी असते. तेथे चाकाच्या तुंब्याचे निमुळते तोंड नटाच्या पोकळीत शिरते, म्हणजे नट मनगटावरच्या सैल बांगडीसारखा असतो, आणि बांगडी टेकण्याचा बिंदू ज्या बाजूने सरकतो त्याच बाजूने ती वळत जाते. नट आत शिरतो की वरून बसतो, एवढ्या एका फरकाने त्याची सरकण्याची दिशा बदलते आणि म्हणून आट्यांची दिशाही बदलावी लागते. दोन्ही ठिकाणी हेतू एकच, की गाडी चालता चालता नट सुटण्याऐवजी आवळला जावा. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते असे, की जीपचा नट चाकाच्या पुढे जाण्याच्या फेऱ्याविरुद्ध फिरवला की सुटतो आणि जुना कानाचा नट त्या फेऱ्याच्याच दिशेने फिरवला की सुटतो, मग बाजू डावी असो वा उजवी.

कारंज्याजवळच्या एका दुकानात तारांच्या चाकांची एक जुनी दोन आसनी गाडी आली होती, त्या वेळी मी तेथे होतो. नटावर सोडण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, पण वर्षानुवर्षांच्या पॉलिशने तो पुसट झाला होता. मिस्त्रीकाकांनी डावे चाक पाहून जीपच्या नियमाने कानावर लाकडी ठोकळा ठेवला आणि घणाचे दहा-बारा ठोके दिले. कानाची कड चेपली आणि नट तसूभरही हलला नाही, कारण प्रत्येक ठोक्याने तो अधिकच आवळला जात होता. नंतर उलट बाजूने तो सुटला, पण त्यासाठी पाऊण तास लागला.

हे कान पुढे नाहीसे झाले ते एका सरकारी निर्णयाने. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत चाकाबाहेर पंखांसारखे निघालेले नट नव्या गाड्यांवर बसवण्यास बंदी आली, कारण पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना त्यांचा धोका होता. धोका खरा होता, तरी १९९६ मध्ये हा नियम मागे घेतला गेला. तोवर कानांऐवजी पान्याला धरता येतील अशा सपाट बाजू असलेले नट आले होते आणि हातोड्याची जागा खास पान्याने घेतली होती. माझ्या मते आजची बरीचशी अडचण येथूनच सुरू झाली, कारण हातोडा कोणत्याही गावात मिळतो, तो पाना मिळत नाही.

रस्त्यावरील आजच्या सेंटर-लॉकला नव्याने वाव मिळाला तो २००० नंतर. पोर्शेच्या कॅरेरा जीटीमध्ये डाव्या आणि उजव्या नटांना वेगवेगळे रंग दिले गेले, आणि २००९ नंतर ९११ जीटी-३ मध्येही एकच नट आला. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना एकाच दिशेचे आटे असतात, कारण आता भिस्त आट्यांच्या दिशेपेक्षा प्रचंड आवळण्यावर आणि आतल्या कुलपावर, म्हणजे नटाला आपोआप सुटू न देणाऱ्या खिटीवर, आहे. जीटी-३ च्या अलीकडच्या मॉडेलांत नट ६०० न्यूटन-मीटरला आवळतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे ६१ किलो वजन, म्हणजे जवळजवळ एक भरलेले पोते टांगल्यासारखे ते होते. साध्या कारचा नट याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागतो. आटे आणि निमुळत्या तोंडावर कंपनीने सांगितलेली पेस्ट लावली नाही, ब्रेकच्या उष्णतेने ती कोरडी पडली किंवा ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यात ओल साचून गंज धरला, तर सोडताना याहून बरेच अधिक बळ लागते. अशा वेळी गाडीत बसलेल्याने ब्रेक दाबून धरायचा, पान्याचे तोंड पूर्ण आत बसवून आतले कुलूप मागे सरकले आहे याची खात्री करायची आणि मगच लांब दांडीने, झटका न देता, जोर लावायचा. ट्रकच्या टायरसाठी वापरला जाणारा, हाताचा जोर अनेक पटींनी वाढवणारा गिअरचा पाना येथे उपयोगी पडतो, मात्र त्याचे तोंड त्या नटाच्या मापाचे असले पाहिजे.

तोंड नीट न बसल्यास काय होते, हे २०२१ च्या मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीत दिसले. दुसऱ्या क्रमांकावर धावणारी एक गाडी चाके बदलण्यास थांबली, उजव्या पुढच्या नटावर नट सोडण्याची यांत्रिक गन तिरकी बसली आणि नटाचे दातच खरवडले गेले. तेथे गाडीची शर्यत संपली आणि तो नट इंग्लंडमधील कारखान्यात पोहोचल्यावरच निघाला. उलट तोंड नीट बसले, तर २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत याच प्रकारच्या नटांची चारही चाके १.८० सेकंदांत बदलली गेली.