समुद्रातून टाकीत: ओर्का आणि डॉल्फिनच्या बंदिवासाची पार्श्वभूमी

१७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सगळ्या राज्यांना एक परिपत्रक धाडलं. व्यापारी करमणुकीसाठी, खाजगी वा सार्वजनिक प्रदर्शनासाठी डॉल्फिन-देवमासे आयात करणारा किंवा पकडणारा कोणताही डॉल्फिनेरियमचा (डॉल्फिन ठेवून त्यांचे खेळ दाखवायच्या जागेचा) प्रस्ताव मंजूर करू नका, असा त्याचा मजकूर होता. त्यानंतर 'भारताने डॉल्फिनला व्यक्तीचा दर्जा दिला' अशी बातमी जगभर पसरली आणि अजूनही ती फिरत असते. ती खरी नाही. डॉल्फिनची असाधारण बुद्धी पाहता त्यांना मानवेतर व्यक्ती मानावं आणि त्यांचे स्वतःचे हक्क असावेत, असं काही शास्त्रज्ञांनी सुचवलं आहे, याची परिपत्रकात नोंद आहे. करमणुकीसाठी त्यांना कोंडून ठेवणं नैतिकदृष्ट्या अमान्य आहे, हेही त्यात लिहिलं आहे. कायद्याने कुणी व्यक्ती झालं नाही. तरीही 'नैतिकदृष्ट्या अमान्य' हे शब्द सरकारी कागदावर उमटले, ही मला त्या बातमीहून मोठी गोष्ट वाटते. ते शब्द येईपर्यंत दीडशे वर्षं गेली, आणि त्या वर्षांत काय काय घडलं ते माहीत असायला हवं.

या धंद्याची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. १८६१ साली पी. टी. बार्नम या खेळवाल्याने सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडून दोन पांढरे बेलुगा देवमासे पकडून आणवले आणि आपल्या संग्रहालयाच्या तळघरातल्या टाकीत सोडले. ते थोड्याच दिवसांत मेले. मग आणखी आणवले, तेही मेले, तरी हा क्रम थांबला नाही. १८६५ च्या जुलैमध्ये ती इमारत जळाली, तेव्हा आतले दोन बेलुगा टाकीतच गेले. प्राणी मेला तर दुसरा आणायचा, हा हिशोब पहिल्या दिवसापासूनचा आहे. पुढे शंभर वर्षं त्यात फारसा फरक पडला नाही.

आज ओळखीचा वाटणारा 'शो' मात्र बराच नंतरचा. १९३८ मध्ये फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळ मरीन स्टुडिओज उघडलं. पाण्याखालचं चित्रीकरण सोपं व्हावं म्हणून काचेच्या खिडक्या असलेल्या मोठ्या टाक्या बांधणं, हा मूळ हेतू. संस्थापकांत लिओ टॉलस्टॉय यांचे नातू इल्या टॉलस्टॉयही होते. टाकीतले डॉल्फिन मासळी घ्यायला उसळी मारतात आणि लोक ते पाहायला गर्दी करतात, हे तिथल्या माणसांच्या लक्षात आलं. चारा घालायची वेळ हाच खेळ झाला. मग सर्कशीत सी लायन शिकवणारा प्रशिक्षक आणून डॉल्फिनला पद्धतशीर शिकवायला सुरुवात झाली. शिट्टी, उडी, मासळी. हा साचा तिथून जगभर गेला.

१९६४ मध्ये 'फ्लिपर' ही दूरदर्शन मालिका सुरू झाली आणि अमेरिकेतल्या मुलांना डॉल्फिनने वेड लावलं. त्या मालिकेतल्या डॉल्फिनना शिकवणारे रिक ओबॅरी पुढे या धंद्याचे सर्वांत कडवे विरोधक झाले. मालिकेत काम केलेली कॅथी नावाची मादी १९७० मध्ये आपल्या हातात मेली, तिने श्वास घेणंच सोडलं, असं ते आजवर सांगत आले आहेत. डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही, प्रत्येक श्वास त्याला ठरवून घ्यावा लागतो. त्यामुळे ओबॅरी या मृत्यूला आत्महत्या म्हणतात. प्राण्याच्या मनातलं आपल्याला किती कळतं, यावर वाद होऊ शकतो. पण ज्याने त्याला रोज हाताने भरवलं त्याचा शब्द मला सहज बाजूला सारता येत नाही.

या सगळ्या इतिहासाचा गाभा मात्र ओर्काच्या, म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातल्या काळ्या-पांढऱ्या 'किलर व्हेल'च्या, गोष्टीत आहे.

१९६४ च्या आधी कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओर्का म्हणजे वैरी. कोळ्यांच्या वाट्याचे सामन मासे खातो म्हणून दिसेल तिथे त्याला गोळी घातली जाई. १९६१ मध्ये कॅनडाच्या मत्स्यखात्याने सिमोर नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीवर ओर्कांसाठी चक्क मशीनगन बसवली होती. ती कधी चालवली गेली नाही. तरी लोकांच्या मनात या प्राण्याची जागा काय होती, ते त्यावरून कळतं.

१९६४ मध्ये व्हँकूव्हर मत्स्यालयाने एका शिल्पकाराला सॅटर्ना बेटावर पाठवलं. एक ओर्का मारून आणायचा, त्याची मापं घ्यायची आणि मत्स्यालयासाठी हुबेहूब पुतळा करायचा, असा बेत. हार्पून (दोरी बांधलेला भाला) लागला, पण ओर्का मेला नाही. सोबतचे दोन ओर्का त्याला खालून उचलून पाण्याच्या वर धरत राहिले, म्हणजे त्याला श्वास घेता यावा. हे पाहणाऱ्यांचं मन बदललं की नुसता बेत बदलला, कोण जाणे. हार्पूनच्या दोरीनेच त्याला ओढत व्हँकूव्हर बंदरात आणलं. मादी समजून नाव ठेवलं मॉबी डॉल. कितीतरी आठवडे त्याने काही खाल्लं नाही. मग एके दिवशी माणसाच्या हातून मासा घेतला, आणि ज्याला नरभक्षक म्हणत होते तो किती सौम्य आहे हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं. बंदराच्या गढूळ, कमी खारट पाण्यात त्याची कातडी खराब झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मेला. तो नर होता, हे मेल्यावर कळलं.

बंदिवासाच्या बाजूने सर्वांत जोरकस युक्तिवाद जन्मला तो इथे: लोकांनी जवळून पाहिलं म्हणूनच ओर्काबद्दल माया निर्माण झाली, पाहिलं नसतं तर गोळ्या चालूच राहिल्या असत्या. हा युक्तिवाद खोटा नाही, आणि विरोध करणाऱ्यांनी तो झटकून टाकू नये. पण त्या मायेने लगेच काय केलं, तेही पाहायला हवं. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, सिॲटलच्या टेड ग्रिफिन यांनी कोळ्यांच्या जाळ्यात अडकलेला नामू हा नर ८,००० डॉलरना घेतला. ते त्याच्याबरोबर पोहत, त्याच्यावर त्यांचा खरा जीव होता. नामूला सोबत हवी म्हणून त्यांनी एक लहान मादी पकडली. त्या धरपकडीत तिच्या आईला हार्पून लागून ती मेली. नामूचं आणि त्या पिल्लाचं जमलं नाही, म्हणून पिल्लू सॅन दिएगोच्या सीवर्ल्ड या सागरी उद्यानाकडे गेलं. तीच पहिली शामू. पुढे कित्येक ओर्कांनी जे नाव मिरवलं, त्याच्या मुळाशी आई गमावलेलं एक पिल्लू आहे. नामू १९६६ मध्ये मेला आणि मागणी मात्र वाढत राहिली.

८ ऑगस्ट १९७० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह इथे होड्या, विमान आणि पाण्यात फोडलेले सुतळी-बॉम्बसारखे स्फोटक यांच्या मदतीने ओर्कांचे कळप हाकत आणले. जवळजवळ ऐंशी ओर्का जाळ्यांनी घेरले. मोठ्यांना वाहून नेणं महाग पडतं, म्हणून हवी होती ती पिल्लं. सात पिल्लं मत्स्यालयांकडे रवाना झाली. जाळ्याबाहेरचे मोठे ओर्का निघून न जाता तिथेच घोटाळत ओरडत राहिले, असं तिथे हजर असलेल्यांनी पुढे सांगितलं. या धरपकडीत काही ओर्का जाळ्यात गुदमरून मेले. ही बातमी फुटू नये म्हणून मेलेल्या पिल्लांची पोटं फाडली, त्यांत दगड भरले, शेपटीला नांगर बांधले आणि त्यांना तळाशी सोडलं. नोव्हेंबरमध्ये ती कलेवरं किनाऱ्याला लागली. या इतिहासातलं दुसरं काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये. ज्यांनी दगड भरले त्यांना आपण करतोय ते लोकांना सहन होणार नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेने सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा केला. कायदा चांगला होता, पण त्यात 'सार्वजनिक प्रदर्शना'साठी परवाना मिळण्याची खिडकी ठेवली गेली. १९८८ च्या दुरुस्तीने अट घातली की प्रदर्शनाला शिक्षणाची किंवा संवर्धनाची जोड हवी. तेव्हापासून प्रत्येक शोमध्ये निवेदक ओर्काचं वजन आणि दातांची संख्या सांगू लागला, आणि खेळाचा पाठ झाला.

खरं शिक्षण त्याच सुमारास वेगळीकडे चाललं होतं. कॅनडाचे संशोधक मायकेल बिग यांनी पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि परामागचा करडा पट्टा यांच्या छायाचित्रांवरून एकेक ओर्का ओळखायची पद्धत बसवली. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, या पाण्यात हजारो ओर्का आहेत हा समज चुकीचा होता, होते ते काही शे. दुसरी, किनाऱ्यालगत राहणारे, सामन खाणारे हे ओर्का जन्मभर आईजवळ राहतात, मुली आणि मुलगेही. चाळिशीतला अवाढव्य नरही आईच्या बाजूने पोहत असतो. प्रत्येक कळपाची हाकांची स्वतःची बोली असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. मॉबी डॉलच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून तो कुठल्या कळपाचा होता, हे नंतर ओळखता आलं ते यामुळेच. म्हणजे आईपासून पिल्लू तोडून नेताना अख्खं कुटुंब मोडलं जात होतं. पाण्याखालच्या खिडकीतून जे कधीच दिसलं नाही, ते होडीत बसून धीराने पाहणाऱ्यांना दिसलं. म्हणून 'टाकी नसेल तर ज्ञान कसं मिळेल' हा प्रश्न मला आता पटत नाही.

या किनाऱ्यालगत राहणाऱ्या ओर्कांच्या दक्षिणेकडच्या समूहापैकी चाळीसहून अधिक त्या वर्षांत पकडले किंवा मारले गेले. एक अख्खी तरुण पिढी गेली. आज ते पंच्याहत्तरच्या आसपास उरलेत. सामनचा तुटवडा, प्रदूषण, जहाजांचा गोंगाट ही कारणंही आहेतच. १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कोर्टात जाऊन तिथली धरपकड बंद पाडली, तेव्हा पकडणारे आइसलँडकडे वळले. तिलिकुम तिथलाच. १९८३ मध्ये, दोनेक वर्षांचा असताना पकडलेला. कॅनडातल्या एका लहान तळ्यात दोन मोठ्या माद्यांबरोबर तो रात्र रात्र अरुंद, अंधाऱ्या खणात कोंडला जाई. १९९१ मध्ये तिथे या ओर्कांच्या तावडीत एका तरुण प्रशिक्षिकेचा जीव गेला, २०१० मध्ये ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमध्ये तिलिकुमने दुसरीचा घेतला. खुल्या समुद्रात ओर्काने माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. २०१३ च्या 'ब्लॅकफिश' या माहितीपटाने ही कहाणी घराघरांत नेली आणि मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ओर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं. तिलिकुम २०१७ च्या जानेवारीत मेला.

बाकी देश आपापल्या गतीने आले. ब्रिटनमधलं शेवटचं डॉल्फिनेरियम १९९३ मध्ये बंद पडलं, तेही बंदीमुळे नव्हे. नियम कडक झाले आणि लोक जायचे थांबले. कॅनडाने २०१९ मध्ये या बंदिवासाविरुद्ध कायदा केला, फ्रान्सने २०२१ मध्ये. चीनमध्ये मात्र नवी सागरी उद्यानं उघडतच आहेत, आणि जपानच्या ताइजीत पकडलेले डॉल्फिन अजून विकले जातात.

आपल्याकडे हे प्रकरण लवकर संपलं, याचं कारण चेन्नईचा अनुभव. १९९८ मध्ये तिथल्या 'डॉल्फिन सिटी'त बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले आणि सहा महिन्यांत ते दगावले. तरीही दशकभराने कोची, दिल्लीचा परिसर आणि आपला सिंधुदुर्ग इथून नवे प्रस्ताव आले. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीच्या प्रस्तावित सी-वर्ल्ड प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला तो मुख्यतः जमिनीसाठी, डॉल्फिनची बाजू घ्यायला प्राणिप्रेमी संघटना होत्या. विष्णुपंत छत्र्यांपासून सर्कस जोपासणाऱ्या महाराष्ट्राने वाघ-सिंहांचे खेळ २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सोडून दिले होते, तेव्हा हा नवा खेळ सुरू करण्याचं काही कारणच नव्हतं. तारकर्ली-देवबागला किंवा दाभोळच्या खाडीपाशी पहाटे होडीत बसलं की डॉल्फिन स्वतःहून वर येतात. होडीवाल्याने इंजिन बंद ठेवलं आणि पाठलाग केला नाही, तर ते बराच वेळ थांबतातही.

उरतो तो आत असलेल्यांचा प्रश्न. पेन कोव्हला पकडलेली तोकिताए मायामीच्या टाकीत अर्ध्या शतकाहून जास्त राहिली. वॉशिंग्टन किनाऱ्यावरचे लम्मी आदिवासी तिला आपली नातेवाईक मानत. २०२३ च्या मार्चमध्ये तिला घरच्या पाण्यात परत नेण्याची योजना जाहीर झाली, ऑगस्टमध्ये ती मेली, आणि तिची रक्षा लम्मींनी त्या पाण्यात सोडली. टाकीत जन्मलेल्यांना तर परत जायला घरचं पाणीच नाही. फ्रान्समधल्या अँटिबचं मरीनलँड जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं. प्रेक्षक गेले, शेवाळाने पाणी हिरवं झालं, आणि विकी ही मादी व तिचा मुलगा केइजो त्याच टाकीत राहिले, कारण त्यांना कुठे न्यायचं हे ठरत नव्हतं.