स्टेपलरच्या टाचणीला सापडलेली वांझ तूर

दिवाळीच्या आसपास तुरीचं रान पिवळ्या फुलांनी भरून येतं. त्यातच मध्ये मध्ये काही झाडं नुसती हिरवी, झुडपासारखी गच्च. पानं बारीक, त्यांवर फिकट-गर्द हिरवे डाग, आणि फूल शोधून सापडत नाही. झाड मरत नाही, वाळत नाही; नवख्याला तर ते जोमदारच वाटतं. ‘तूर वांझ गेली’ म्हणतात ते याला. मूग-सोयाबीनवरचा केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, वेगळा. तो पांढरी माशी पसरवते.

वांझ रोगाची पहिली नोंद १९३१ सालची, बिहारमधल्या पुसा इथली. तो पसरवतो कोण, हे कळायला १९६२ उजाडलं: डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढा एरिओफाईड कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा). तो वाऱ्यावर शेतं ओलांडतो. बियाण्यातून मात्र हा रोग येत नाही.

पण कोळ्याच्या पोटात आहे तरी काय? विषाणू असणार, असा संशय होता; हाती मात्र काही लागेना. रोगट पानाचा रस चोळून निरोगी तुरीला लागण करायची नेहमीची युक्तीही इथे चालेना.

याच काळात हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत, १९७०च्या दशकात एक साधी युक्ती निघाली. कोळी असलेलं रोगट पान दहा-बारा दिवसांच्या रोपाच्या पानाभोवती दुमडायचं आणि कागदाच्या स्टेपलरने टाचायचं. रोगट पान सुकू लागलं की कोळी आपसूक ताज्या पानावर सरकतात. जे रोप लागणीनंतरही निरोगी राहिलं, ते पैदाशीसाठी ठेवायचं. माझ्या मते या रोगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध हाच. शत्रू कोण ते ठाऊक नसताना हजारो वाण तपासता आले, आणि त्यातूनच ‘आशा’सारखा मर (उभं झाड वाळवणारा रोग) आणि वांझ दोन्हींना दाद न देणारा वाण पुढे आला. मराठवाड्यात बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ आणि ८५३ दिले. नावातलं ‘एसएम’ म्हणजे ‘स्टरिलिटी मोझॅक’, याच रोगाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं.

एका बाजूने कुंपण घातलं तर दुसरी बाजू उघडी, असंही झालं. उत्तर कर्नाटकात मर रोगावर उतारा म्हणून आलेला ‘मारुती’ वाण मरला पुरून उरला, पण वांझला सहज बळी पडतो.

विषाणू ओळखला गेला तो थेट २००० सालच्या सुमारास, पाटणचेरू आणि स्कॉटलंडमधल्या संशोधकांच्या जोडकामातून. पुढे त्याच गटातला, म्हणजे एमाराव्हायरसमधला, आणखी एक विषाणू या रोगात सापडला.

शेतातलं काम त्याआधीच ठरून गेलं होतं. पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर झाडाला शेंग जवळपास धरतच नाही, म्हणून रोगट रोप दिसताच उपटायचं. आणि बांधावर गेल्या वर्षीची, कापणीनंतर पुन्हा फुटलेली खोडवा तूर ‘राहू दे, भाजीला होईल’ म्हणून ठेवायची नाही. उन्हाळाभर कोळी आणि विषाणू मुक्कामाला असतात ते तिथेच.