टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) पोतं उघडं ठेवू नका, पॉवर उडून जाते

दर पावसाळ्यात तीच तक्रार येते, तुमच्या टीसीएलला पॉवर नाही, टाकीत टाकली तरी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची टेस्ट) पाणी पिवळं होत नाही. मग आमचा माणूस गाडी काढून जातो, आणि बहुतेक वेळा पोतं पंपरूमच्या ओल्या फरशीवर, तोंड उघडं, आत पावडरचे गोळे झालेले आणि वास जवळजवळ गेलेला.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे सगळे एकाच घरचे, हॅलोजन. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन कमी, तो दुसऱ्याकडून ओढून घ्यायची धडपड असते. फ्लोरीनची ओढ सगळ्यात जास्त, खाली आयोडीनपर्यंत कमी होत जाते. क्लोरीन जंतू मारतो तो याच ओढीवर, पण गाळ, शेवाळ, गंज जे आधी भेटेल त्यावरही तो खर्च होतो, म्हणून टाकी आधी धुवा असं आम्ही सांगतो ते उगाच नाही. आणि पावडरला हवेतली ओल नि कार्बन डायऑक्साइड लागला की क्लोरीन पोत्यातच सुटून जातो, मागे राहते चुनखडीसारखी भुकटी, ती कितीही ओता काय होणार?

शंका असेल तर चमचाभर पावडर घेऊन दुकानात या. पाण्यात कालवून पातळ करतो आणि स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवतो, क्लोरीन शिल्लक असेल तर तो आयोडीनला बाहेर ढकलतो आणि पट्टी तिथल्या तिथे निळीजांभळी होते. द्रावण घट्ट असेल तर निळा रंग येऊन परत उडतो, म्हणून पातळ करणं महत्त्वाचं. टेस्टचे पैसे घेत नाही.

ताज्या मालात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. १००० लिटरला ५ ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत कालवा, वरची निवळीच टाकीत सोडा, अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट करा. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा.

बाथरूमचं ॲसिड मात्र या पावडरजवळ ठेवूच नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड, बंद पंपरूममध्ये खालीच साठून राहतो आणि छातीत भरतो.

उघडलेलं पोतं आम्ही परत घेत नाही, काहींना राग येतो, पण उघड्यावर किती दिवस होतं ते आम्हाला कसं कळणार? छोट्या सोसायटीने २५ किलोचं पोतं घेऊच नये, १ किलोची सीलबंद पाकिटं आहेत, किलोमागे थोडी महाग पडतात पण शेवटच्या पाकिटातही पॉवर टिकते.