न्यायमूर्तिपद सोडणारे तारकुंडे आणि नागरी हक्कांची चळवळ

विठ्ठल महादेव तारकुंडे २२ मार्च २००४ रोजी वारले, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. भारतातल्या नागरी हक्क चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तसे पाहिले तर अशी संघटना त्यांच्याही आधी होती. १९३६ साली जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन निघाली आणि रवींद्रनाथ टागोर तिचे मानद अध्यक्ष झाले. पण ती टिकली नाही. सरकारला जाब विचारणारेच सत्तेवर आले, मग जाब कोणी कोणाला विचारायचा? पुढे तारकुंड्यांपुढेही नेमका हाच पेच उभा राहिला.

त्यांचा जन्म १९०९ चा, सासवडचा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुण्यात वकिली सुरू केली. आधी काँग्रेस समाजवादी पक्षात होते, मग क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्याकडे ओढले गेले. महाराष्ट्रात रॉयवाद्यांचा गट लहान असला तरी वजनदार होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही त्यातलेच. १९४२ मध्ये तारकुंड्यांनी वकिली गुंडाळून रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाला वाहून घेतले. १९४८ मध्ये हा पक्ष रॉय यांनी स्वतःच विसर्जित केला. सत्तेच्या राजकारणाने माणूस स्वतंत्र होत नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. तारकुंड्यांनी हा विचार अखेरपर्यंत सोडला नाही.

१९५७ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९६९ मध्ये, मुदत शिल्लक असतानाच, त्यांनी राजीनामा दिला आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर त्यांनी सिटिझन्स फॉर डेमोक्रसी ही संस्था काढली. निवडणूक सुधारणांसाठी जेपींनी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच होते. मतदानाचे वय १८ करा, असे या समितीने तेव्हाच सुचवले होते. घटनादुरुस्ती व्हायला १९८८ उजाडले.

मग आणीबाणी आली. मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी दिला. पाचांपैकी एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्कांसाठी नवी संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्षपद तारकुंड्यांकडे आले.

खरी कसोटी मात्र १९७७ नंतर लागली. जनता पक्ष निवडून आला आणि संघटनेतल्या अनेकांना वाटले, आपले काम संपले. संघटना मरगळली. तारकुंड्यांनी मात्र त्याच वर्षी नियमित वकिली बंद करून सार्वजनिक कामाला वाहून घेतले. आंध्रात नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्या तरुणांच्या चकमकींची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. हैदराबादचे वकील के. जी. कन्नबिरन या कामात त्यांच्यासोबत होते. मेदक जिल्ह्यातल्या गिरायपल्लीच्या जंगलात जुलै १९७५ मध्ये चार तरुण ‘चकमकीत’ ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले होते. समिती गावोगाव फिरली, लोकांशी बोलली. या तरुणांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या, असा तिचा निष्कर्ष निघाला. सरकारला न्या. वसिष्ठ भार्गव यांचा चौकशी आयोग नेमावा लागला, पण पुढे त्याचे कामकाज बंद दाराआड गेले आणि तडीस गेलेच नाही. तरीही घटनास्थळी जायचे, साक्षी जमवायच्या आणि अहवाल लोकांपुढे ठेवायचा, ही सत्यशोधन समित्यांची रीत या कामातून पक्की झाली. माझ्या मते तारकुंड्यांचे सर्वांत मोठे काम हेच.

१९८० मध्ये इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या आणि मरगळलेली संघटना पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या नावाने पुन्हा उभी राहिली. कोणत्याही पक्षाचे सदस्य येऊ शकत होते, पण संघटना कोणत्याच पक्षाची नव्हती. अध्यक्ष पुन्हा तारकुंडेच. १९८५ मध्ये सिटिझन्स फॉर डेमोक्रसीने पंजाबातल्या दडपशाहीवर अहवाल काढला आणि त्याची प्रस्तावना त्यांनी लिहिली. सरकारने त्या अहवालावर बंदी घातली. १९९८ मध्ये सरकारनेच त्यांना पद्मभूषण दिले, तेव्हा दिल्लीत सत्ता दुसऱ्या पक्षांची होती.