गव्हाशिवाय खुसखुशीत टार्ट

गव्हाशिवाय पाव करणं अवघड आहे, यात वाद नाही. पण भाज्या, अंडी, चीज यांचं सारण भरलेला तिखटमिठाचा टार्ट, म्हणजे साच्यात पारी पसरून भाजलेला वरून उघडा पदार्थ, करायचा असेल, तर ग्लूटेन, म्हणजे गव्हातला चिकटपणा, नसणं ही बहुतांशी सोयच ठरते.

गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लूटेनचं जाळं तयार होतं. ग्लायडिनमुळे कणीक लांबते, ग्लूटेनिनमुळे ती ताणून सोडली की मागे येते. पावात हे जाळं वायूचे बुडबुडे धरून ठेवतं. टार्टच्या पारीत असं काही धरून ठेवायचंच नसतं. उलट जाळं घट्ट झालं की पारी चिवट होते आणि भाजताना आकसून साच्याच्या कडेवरून खाली उतरते. म्हणून तर मैद्याला आधी मोहन चोळतात, पाणी बेताचं घालतात आणि हात कमी लावतात. मोहनाचा थर पिठाच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही.

तांदळाच्या पिठात ही कटकटच नाही. हवं तेवढं मळा, उरलेले तुकडे गोळा करून पुन्हा लाटा, पारी चिवट होत नाही. हा मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

अडचण येते ती पकडीची. जाळं नाही, म्हणून पारी लाटताना चिरते. २०० ग्रॅम पिठात एक अंडं आणि अर्धा छोटा चमचा झॅन्थन गम घातला की काम भागतं. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात. झॅन्थन गम झॅन्थोमोनास नावाचे जिवाणू साखर आंबवून तयार करतात, त्याच्या लांबलचक साखळ्या पाण्याला दाटपणा देतात. तो जास्त पडला तर मात्र पारी रबरी लागते.

पीठ एकाच धान्याचं नको. निम्मं तांदळाचं, पाव हिस्सा बटाट्याचा स्टार्च आणि पाव हिस्सा बेसन हे प्रमाण मला तिखटमिठाच्या टार्टसाठी सर्वांत आवडतं. बेसनातल्या प्रथिनांमुळे पारीला रंगही चांगला येतो. १०० ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनीच चोळा, कारण ते ३२ ते ३५ अंशांनाच वितळतं. पीठ मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोट लावताच फुटला, की मोहन बरोबर झालं. मग अंडं आणि दोन-तीन चमचे गार पाणी.

मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायलाच हवा. मैद्याची कणीक ताण सैल व्हावा म्हणून झाकून ठेवतात, इथे कारण वेगळं आहे. तांदळाच्या पिठाचे कण कडक असतात आणि पाणी सावकाश पितात. घाईने भाजलेली पारी दाताखाली रेतीसारखी कचकचते. नंतर गोळा दोन बेकिंग पेपरांमध्ये ठेवून लाटा. फाटली तर बोटाने ठिगळ लावा, भाजल्यावर सांधा सहसा दिसत नाही.

टोमॅटो, पालक, मशरूम यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. सारण आधी परतून, पाणी आटवून, गार करा. रिकामी पारी १८० अंशांवर १५ मिनिटं भाजा, आतून अंड्याचा पांढरा भाग फिरवा आणि दोन मिनिटं पुन्हा आत ठेवा. मग सारण भरून टार्ट भाजला, तरी ओलावा खाली झिरपायला आडकाठी होते.

सीलिॲक आजार (यात ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) असलेल्या माणसासाठी रांधत असाल, तर लाटणं आणि पोळपाटही वेगळे हवेत. लाकडाच्या भेगांत गव्हाचं पीठ अडकून राहतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार ग्लूटेनमुक्त अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

टार्ट ओव्हनमधून काढल्यावर लगेच कापू नका. गरम असताना लोणी पातळ असतं, स्टार्चही पुरता घट्ट झालेला नसतो. पंधरा मिनिटांनी सुरी लावली की तुकडा अखंड निघतो.