घरी शिकवलं म्हणजे दहावी गेली? अजिबात नाही
आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये हमखास ऐकायला मिळतं, "लेकाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, सतत हलावंसं वाटतं) आहे म्हणून शाळेतून काढलंत, पण घरी शिकवणं बेकायदा ना, आणि दहावीचं काय?" अहो, 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय हे खरं, पण नाही घातलं तर आईबापाला दंड किंवा शिक्षा त्यात कुठेच नाहीये. आणि दहावीला एनआयओएस आहे की, केंद्र सरकारचंच ओपन बोर्ड, वय 14 पूर्ण हवं, पाच विषय, एकदा नाव नोंदवलं की 5 वर्षांत 9 संधी, त्यामुळे एका वेळी दोनच पेपर दिले तरी चालतं, आणि सलग पेपर म्हटलं की ज्याच्या पोटात गोळा येतो अशा पोराला अजून काय हवं!

घरी शिकवून एडीएचडी जात नाही हं, तेही सांगते. फक्त हलायला मोकळीक मिळते. आमचा लेक तेराचा पाढा पॅसेजमध्ये बॉल आपटत म्हणतो, एका टप्प्याला एक आकडा, एकशेतीसला कॅच. खालच्या काकूंची दुपारची झोप मोडते तेवढी.